सायकलला कोणतं कुलूप? आधी सांगा, रात्री ती उभी कुठे असते

दुकानात सायकलचं कुलूप मागितलं की काउंटरमागचा माणूस हमखास विचारतो, "सायकल केवढ्याची?" पाच-सहा हजारांची म्हटलं तर तो प्लॅस्टिक चढवलेली तार पुढे सरकवतो, तीस हजारांची म्हटलं तर जाडजूड यू लॉक काढतो, म्हणजे इंग्रजी यू आकाराची पोलादी दांडी आणि तिला बंद करणारी आडवी पट्टी. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा: सायकल रात्री कुठे उभी असते?

माझी पहिली गिअरची सायकल सोसायटीच्या पार्किंगमधून गेली. दिवसभर ती पुण्यात कुठे कुठे उभी असायची. मंडई, कॉलेज, टपरी, कशाचाही भरवसा नव्हता. तिथे तिला काही झालं नाही. गेली ती घरून, वॉचमन असलेल्या इमारतीतून, पहाटे. मागे राहिलेला तारेचा तुकडा मी अजून जपून ठेवला आहे. बाहेरून तो अंगठ्याएवढा जाड दिसतो. कापलेल्या तोंडाकडे पाहिलं की आत पेन्सिलीपेक्षाही बारीक पोलादी तारांचा पीळ दिसतो, बाकी सगळं निळं प्लॅस्टिक. विकत घेताना मी प्लॅस्टिकची जाडी पाहिली होती.

तेव्हा दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या.

आधी जागांची यादी

आठवडाभरात सायकल जिथे जिथे उभी राहते ती प्रत्येक जागा लिहा. पुढे तीन गोष्टी टिपा: किती वेळ, दिवसा की रात्री, आणि तिथे बांधायला जमिनीत किंवा भिंतीत पक्कं असं काही आहे का. दूध आणायला पाच मिनिटं, ऑफिसात नऊ तास पण गेटवर माणूस, स्टेशनबाहेर बारा तास, घरी रात्रभर. यादी झाली की सगळ्यात वाईट जागेवर खूण करा. मुख्य कुलूप त्या जागेसाठी घ्यायचं.

बऱ्याच जणांच्या यादीत ती जागा म्हणजे स्वतःचं घर निघतं. रस्त्यावर कुणीतरी पाहत असतं, पार्किंगमध्ये पहाटे तीन वाजता कुणी नसतं. शिवाय 'आपल्याच आवारात तर आहे' म्हणून आपण तिथे सगळ्यात ढिलं कुलूप लावतो.

सायकलच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम कुलपावर घाला, असा एक सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो पटत नाही. पहाटे पेपर टाकणाऱ्याची सहा हजारांची सायकल गेली तर त्याचा धंदा बसतो. लाखाची सायकल गेली तर मालकाचा रविवार वाया जातो. सहाशे रुपयांत पेपरवाल्याची सायकल राखली जाणार नाही.

चोर तीन प्रकारचे

पहिला मोकळ्या हातांनी येतो. उघडी सायकल दिसली की बसून निघून जातो, नुसतं चाक बांधलेलं असेल तर उचलून टेम्पोत टाकतो. दुसऱ्याच्या पिशवीत पक्कड, पाना किंवा बोल्ट कटर असतो. तिसऱ्याकडे बॅटरीवर चालणारा, फिरत्या चकतीने पोलाद कापणारा ग्राइंडर असतो.

पहिल्यासाठी कुलपाच्या ताकदीपेक्षा सायकल कशाला तरी बांधलेली असणं महत्त्वाचं. दुसऱ्यासाठी चांगलं पोलाद लागतं. तिसरा आला तर नेहमीची कुलपं काही मिनिटंसुद्धा टिकत नाहीत. आता ग्राइंडरची चकतीच झिजवून टाकणारी कुलपं निघाली आहेत, हिपलॉक डी1000 किंवा लाइटलॉक एक्स1 ही त्यातली. पण ती महाग असतात, आणि माझ्या मते ज्यांना त्यांची गरज वाटावी इतकी किमती सायकल आहे त्यांनी ती रात्री लिफ्टमधून वर घरात आणावी. जिन्यात नको, जिना सगळ्यांचा असतो.

मागच्या चाकावरचं गोल कुलूप

घोड्याच्या नालेसारखं, सीटखालच्या नळ्यांना कसलेलं. किल्ली फिरवून दांडी सरकवली की ती स्पोकच्या मधून आरपार जाते आणि किल्ली हातात येते. उघडं असताना किल्ली कुलपातच अडकून राहते, म्हणून ती हरवत नाही. चालवताना मात्र जुडग्याचा खुळखुळाट सोबत असतो. काळ्या सायकलींच्या जमान्यात प्रत्येक सायकलवर हे असायचंच. वजन जेमतेम अर्धा किलो, लावायला दोन सेकंद.

याचं दुखणं उघड आहे. ते सायकलला चालू देत नाही, उचलून नेण्यापासून अडवत नाही. मागचं चाक उचलून धरलं की पुढच्या चाकावर सायकल ढकलत नेता येते. शिवाय स्वस्त कुलपांत किल्ल्यांचे नमुने थोडेच असतात. शाळेत माझ्या किल्लीने आमच्या वर्गातल्या आणखी दोन सायकली उघडायच्या, आणि मधल्या सुट्टीत आम्ही त्याचा उपयोग विमलीकाकूंच्या वड्यापर्यंत जाण्यासाठी करायचो.

तरीही मी हे कुलूप सोडायला सांगणार नाही. दुधाच्या फेरीला ते पुरेसं आहे, आणि दुसरं कुलूप म्हणून त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सांगायला नको. तिथे याच जातीच्या अनेक कुलपांना बाजूला भोक असतं, त्यात जाड साखळीचं टोक खुपसून सायकल खांबाला बांधतात. जाड टायरच्या सायकलला मात्र हे बसत नाही, आणि डिस्क ब्रेकवाल्या नव्या सायकलींना ते कसायला जागा आहे का ते आधी पाहावं लागतं.

तार

तार, म्हणजे केबल लॉक, हलकी असते, स्वस्त असते, कुठेही गुंडाळता येते. मुख्य कुलूप म्हणून घेऊ नका. हातात मावणारा कटर तिला पुरतो. पुढचं चाक किंवा हेल्मेट अडकवायला ठेवा, त्या कामाला ती छान आहे.

साखळी

साखळीची जाडी मोजायची ती कडीच्या सळईची, कापडी खोळीसकट नव्हे. खोळ बाजूला सारा आणि बघा. 6 मिलिमीटरची सळई लहान कटरला दाद देते. 8 मिलिमीटर चांगल्या पोलादाची असेल तर साधा कटर थकतो, पण लांब दांड्याचा तिला तोडतो. 10 मिलिमीटरपासून पुढे हाताच्या हत्याराचं काम खरंच अवघड होतं. कड्या चौकोनी किंवा षट्कोनी सळईच्या असल्या तर आणखी बरं, कटरचे जबडे घसरतात. वजन मात्र सोसावं लागतं. 10 मिलिमीटरची साखळी मीटरला दोन-सव्वादोन किलो भरते. ती रोज पाठीवर वाहायची गोष्ट नाही. ती घरच्या जागेवर कायमची पडून राहू दे आणि बाहेर जाताना हलकं कुलूप सोबत असू दे.

हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर दराने मिळणारी साखळी आणि त्याला घरातलं जुनं कडीकुलूप, हा जुगाड आपल्याकडे फार चालतो. ती साखळी मऊ लोखंडाची असते. जाड असली तरी करवत तिच्यात सुरीसारखी उतरते, आणि कडीकुलपाची दांडी तर त्याहून बारीक.

यू लॉक

दिवसा बाहेर नेण्यासाठी माझं मत याला. वजन एक ते पावणेदोन किलो. घेताना दांडी निदान 13-14 मिलिमीटर जाड पाहा आणि आडव्या पट्टीत दांडीची दोन्ही टोकं अडकतात का ते तपासा. काही स्वस्त कुलपांत एकच टोक खरोखर अडकतं, दुसरं नुसतं खाचेत बसतं. अशी दांडी एका ठिकाणी कापली की पिळून बाहेर काढता येते. दोन्ही टोकं धरणाऱ्या कुलपाला दोनदा कापावं लागतं, म्हणजे चोराचा दुप्पट वेळ.

मोठं यू लॉक सोयीचं वाटतं, पण आतली रिकामी जागा चोराच्या फायद्याची असते. त्या पोकळीत लहान जॅक किंवा पहारीचं टोक घालून कुलूप फाकवता येतं. सायकल आणि खांब आत आल्यावर बोट कसंबसं मावेल इतकंच मोठं घ्या.

पट्ट्यांचं घडीचं कुलूप, फोल्डिंग लॉक, हा तारेपेक्षा कितीतरी मजबूत आणि यू लॉकपेक्षा बाळगायला सोपा प्रकार आहे. त्याचा कच्चा भाग पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेट. नावाजलेल्या कंपनीचं असेल तरच घ्या. भोंगा वाजवणारी कुलपं मी वापरून सोडून दिली. पावसाच्या सरीनेही ती बोंबलतात आणि तिसऱ्या रात्री शेजारीच त्यांची बॅटरी काढायला सांगतात.

पोलादाला पाणी दिलंय का?

लोहार कोयता भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतो, त्याला आपण कोयत्याला पाणी दिलं म्हणतो. कुलपाच्या खोक्यावर 'हार्डन्ड स्टील' लिहिलेलं असतं, तेही तेच. हे तपासायची घरगुती युक्ती आहे. लहान तिकोनी कानस घ्या, प्लॅस्टिकचं आवरण न दिसेल अशा कोपऱ्यात थोडं खरवडा आणि उघड्या धातूवर एकदा घासा. कानस काचेवरून सरकल्यासारखी निसटली तर पाणी दिलेलं पोलाद. कानशीने पकड घेतली, चकचकीत ओरखडा उमटला आणि बोटाला लोखंडाची भुकटी लागली तर ते कुलूप परत करा. दुकानदार दुकानात असं करू देणार नाही, म्हणून बदलून देण्याची बोली आधीच करून घ्या.

खोक्यावरच्या 'सुरक्षा पातळी 10 पैकी 8' वगैरे आकड्यांवर जाऊ नका. ते त्या कंपनीचे स्वतःचे असतात, एकीचा आठ दुसरीच्या आठशी जुळत नाही. बाहेरच्या संस्थेचा शिक्का वेगळा: ब्रिटनचा सोल्ड सिक्युअर, त्यात ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा चढत्या पायऱ्या, किंवा नेदरलँड्सचा एआरटी, त्यात तारे. आपल्याकडे सायकलच्या बड्या दुकानांत असे शिक्के असलेली कुलपं मिळतात. गोल्ड असेल तर माझ्यापुरतं ते पुरे आहे.

किल्ली की आकडे?

गोल नळीसारखी किल्ली असलेलं कुलूप पाहिलं की मला 2004 आठवतं. अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची तशा किल्लीची दणकट यू लॉक साध्या बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात हे कुणीतरी इंटरनेटवर दाखवलं आणि कंपनीला मोठ्या संख्येने कुलपं बदलून द्यावी लागली. दांडी अभेद्य आणि भोक उघडं, अशी गत. कंपनीने ती रचना सोडली, पण तशा किल्लीची स्वस्त कुलपं बाजारात अजून दिसतात. ती नकोत. कपाटाच्या किल्लीसारखी पातळ पत्र्याची किल्लीही नको. सपाट, जाड, पृष्ठभागावर खळगे असलेली किंवा अर्धगोल सळईवर तिरक्या खाचा असलेली किल्ली बघा.

नंबर लॉकचं गणित सोपं आहे. तीन चकत्या म्हणजे 1000 जुळण्या. सेकंदाला एक धरली तर सगळ्या पाहायला 16 मिनिटं 40 सेकंद. चार चकत्यांना पावणेतीन तास. पण इतकंही करावं लागत नाही, कारण आपण आळशी असतो. लावताना शेवटची एकच चकती फिरवतो. नंबर लॉक घेतलंच तर चार चकत्यांचं घ्या आणि लावल्यावर सगळ्या चकत्यांवरून तळवा फिरवा. लहान मुलांच्या सायकलला मात्र मी तेच देतो. किल्ली हरवण्याचं प्रमाण चोरीपेक्षा पुष्कळ जास्त असतं.

सुतळीने माप

साखळीसाठी सुतळी घ्या. नेहमीच्या जागी सायकल उभी करा. मागचं चाक, फ्रेमची नळी आणि खांब तिन्ही एका फेऱ्यात येतील अशी सुतळी गुंडाळा, गाठ मारा, सोडून मोजा. वर दहा सेंटिमीटर धरा. यू लॉकसाठी पुठ्ठ्यातून आतून 10 सेंटिमीटर रुंद आणि 20 सेंटिमीटर उंच यू कापा आणि तो सायकलवर बसवून पाहा. जाड नळीच्या अॅल्युमिनियम सायकलींत पुठ्ठाच सांगतो की हे माप जमणार नाही. दुकानातून घरी येऊन कळण्यापेक्षा हे बरं.

लावायची रीत

कुलूप मागच्या चाकात, सीट आणि पायडलच्या मधल्या त्रिकोणात, खांबासकट. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी सांगितलेली एक हुशारी अशी, की छोटं यू लॉक मागच्या त्रिकोणाच्या (सीटची नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या यांच्यातल्या) आतून, फक्त रिम आणि खांब धरून लावलं तरी सायकल निघत नाही, कारण चाक त्रिकोणातून बाहेर येऊच शकत नाही. रिम कापता येते, पण मग चोराच्या हाती बिनचाकाची सायकल उरते. जागा असेल तर मी नळीही आत घेतो.

कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. साखळी जमिनीवर टेकली असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो, हातोडाही चालतो. कमरेच्या उंचीवर अधांतरी कुलूप असलं की तेच काम दुप्पट कठीण. किल्लीचं भोक खालच्या बाजूला असू दे.

खांब कोणता, हे कुलपाइतकंच महत्त्वाचं. पाटीचा बुटका खांब असेल तर सायकल वरून उचलून काढता येते. रेलिंग नटबोल्टचं असेल तर पाना पुरतो. विजेच्या खांबाला आणि डीपीच्या जाळीला पावसाळ्यात तर हातही लावू नका. गॅसच्या पाइपला आणि आगीच्या पाण्याच्या नळाला बांधू नका. तिथून सायकल चोरीला जाणार नाही, सोसायटीचा चेअरमन काढेल.

पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे हाताने खटका फिरवून सुटणारं असेल तर ते काढायला दहा सेकंद लागतात. तो खटका काढून अॅलन कीचा, म्हणजे षट्कोनी चावीने कसायचा दांडा टाकून घ्या. सीटच्या अॅलन बोल्टसाठी दुकानातून भोकात बसेल असा छर्रा आणा, भोकात टाका, वर मेणबत्तीचं मेण वितळवून ओता. चोराची चावी आत जात नाही; तुम्हाला सीट हलवायची झाली तर मेण टाचणीने उकरून छर्रा काढता येतो.

घरी खांबच नसेल तर

पार्किंगमध्ये बांधायला काही नसणं हीच खरी अडचण असते. सोसायटीची परवानगी मिळाली तर भिंतीत अँकर बोल्टने जाड कडी बसवून घ्या. इमारतीच्या खांबात परस्पर ड्रिल मारू नका, आतल्या सळईला धक्का लागतो आणि मीटिंगमध्ये विषय निघतो तो वेगळाच. परवानगी नसेल तर रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, तिच्यात जाड सळईची कडी उलट्या यूसारखी उभी करा, पाय आतून वाकवून, आणि काँक्रीट ओता. आठवडाभर रोज पाणी मारा. भरलेली बादली पन्नास किलोच्या आसपास होते. सायकल आणि बादली मिळून कुणी पहाटे गेटबाहेर नेत असेल तर निदान वॉचमन जागा होईल.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत खारी हवा, देशावर धूळ. दोन्ही कुलपाच्या पोटात जातात. खोबरेल तेल घालू नका, थंडीत ते थिजतं आणि धूळ धरून ठेवतं. मऊ शिशाची पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आतबाहेर करा. ग्राफाइट कोरडं वंगण आहे. गंज धरलेलं कुलूप आधी डब्ल्यूडी-40 च्या फवाऱ्याने सुटं करा, पुसा, मग पेन्सिल. साखळीची कापडी खोळ पावसात भिजली की आतून आठवडाभर ओली राहते, ती वाळत घाला.

नंबर आणि किल्ल्या

नवं कुलूप आणलं की किल्लीवर किंवा सोबतच्या पत्र्यावर कोरलेला नंबर टिपून ठेवा, काही कंपन्या त्यावरून नवी किल्ली देतात. दुसरी किल्ली त्याच जुडग्यात नको, सीटखालच्या पिशवीत तर मुळीच नको. मग सायकल उलटी करा. पायडलचा धुरा जिथून जातो त्या जाड नळीच्या तळाशी बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर कोरलेला असतो. चिखल पुसा, उजेड पाडा, फोटो काढा आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवा. चोरी झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली तक्रार होते, आणि तिथे हा नंबर विचारतात.

माझ्या पहिल्या सायकलचा नंबर माझ्याकडे नव्हता. चौकीत हवालदारांनी रंग विचारला. काळा, मी म्हणालो. त्यांनी काही न बोलता खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या चहाच्या टपरीला टेकून चार काळ्या सायकली उभ्या होत्या, त्यातल्या तिघींना कुलूपच नव्हतं.